मुंबईला वीसदा गेलो, बंदर एकदाही पाहिलं नाही : तीन दिवस, आम्ही दोघंच

संत्राबर्फी | १८ नोव्हेंबर २०२५, रात्री ९:५०

नमस्कार मंडळी. येत्या २५ जानेवारीला आमच्या लग्नाला २५ वर्षं होतात. लेक पुण्याला, मुलगा बंगलोरला, म्हणजे नागपूरला त्रिमूर्तीनगरच्या घरात आम्ही दोघंच आणि एक मनीप्लांट. हे म्हणाले, कुठं जायचं ते तू सांग. मी म्हटलं मुंबई. तर हसले. "मुंबई काय फिरायला जायची जागा आहे? वीसदा तर जाऊन आलो."

ते वीसदा म्हणजे काय, ते ऐका. सात-आठदा डोंबिवलीला यांच्या मावशीकडे, लग्न-मुंज-बारशाला. पाच वेळा परळला, सासऱ्यांना दवाखान्यात दाखवायला. एकदा मुलाच्या परीक्षेला, सेंटर अंधेरीत. उरलेल्या वेळा काय केलं ते आठवतही नाही, बहुतेक कल्याण स्टेशनवर बसलो असू. समुद्र दोनदा पाहिला, दादर चौपाटीला, तोही घड्याळ बघत बघत, कारण पुढची फास्ट चुकली असती.

शाळेत भूगोलाच्या पेपरात एक प्रश्न हमखास यायचा, "मुंबई हे नैसर्गिक बंदर आहे, कारण द्या." मी पाठ केलेलं लिहायचे, दोन मार्क मिळायचे. कारण काय होतं ते आजही कळलेलं नाही. ते बंदर एकदा डोळ्यांनी पाहायचंय. मॉल नको, सिनेनट्यांचे बंगले नको.

बेत असा : शुक्रवारी २३ ला रात्री दुरांतो, २४-२५-२६ मुंबईत. २६ जानेवारी सोमवारी येतोय, म्हणजे एकही रजा नाही. प्रश्न तीन. राहायचं कुठं? बोटीतून कुठं कुठं जाता येतं? (हे पाण्याला घाबरतात. अंबाझरीच्या पॅडल बोटीत पंचवीस वर्षांत बसलेले नाहीत.) आणि तिसरा, मावशीला सांगायचं की नाही?

बर्डीवाला | १८ नोव्हेंबर, रात्री १०:१२

ताई, रागावू नका, पण मुंबईले कायले चालल्या? पैसे देऊन घामच काढाचा तं आपला मे महिना काय वाईट आहे? पचमढीले जा न, सहा तासात पोचता. अन् जाचंच असन तं समृद्धी महामार्गावर गाडी टाका. ७०१ किलोमीटर, यंदाच्या जूनपासून पार भिवंडीजवळच्या आमण्यापर्यंत खुला झाला. सकाळी तर्री-पोहे हाणून निघा, दिवसाउजेडी मुंबईच्या दारात.

कर्जत_लोकल | १८ नोव्हेंबर, रात्री १०:३०

दारात पोचतील हो, पण दार उघडायला भिवंडी-ठाण्याला जो वेळ लागतो त्याचं काय? आणि फोर्टात गाडी लावायला जागा शोधण्यात लग्नाचा वाढदिवस जाईल. ताई, रेल्वेच. दुरांतो रात्री पावणेनऊच्या सुमारास नागपूर सोडते आणि सकाळी आठच्या सुमारास थेट सीएसएमटी. झोपायचं, उठायचं, की समोर मुंबई.

एक मात्र लक्षात ठेवा, ह्यात दरवर्षी कुणीतरी फसतं. परतीची दुरांतो मध्यरात्र उलटल्यावर सुटते. म्हणजे शुक्रवारी रात्री निघायचं असेल तर तिकिटावर तारीख शनिवारची हवी. माझ्या सख्ख्या मेव्हण्याने बरोब्बर एक दिवस आधीचं तिकीट काढून सहकुटुंब फलाटावर रात्र काढली आहे.

अवांतरानंद | १८ नोव्हेंबर, रात्री ११:०५

दोघंच जाणार, चौपाटीवर भेळ खाणार, गेटवेला फोटो काढणार. ह्याला धागा कशाला?

संत्राबर्फी | १८ नोव्हेंबर, रात्री ११:०९

भेळेला नाही, बंदराला. नीट वाचा. तुमचा प्रतिसाद धरून तीन झाले, आभार.

खारावारा | १९ नोव्हेंबर, सकाळी ६:४०

ताई, मी बंदरात चौतीस वर्षं नोकरी करून निवृत्त झालो. मुंबईत राहणाऱ्या शंभरातल्या नव्वदांनी बंदर पाहिलेलं नाही, तेव्हा तुम्ही मागे आहात असं समजू नका. आधी तुमचे दोन मार्क वसूल करू.

डाव्या हाताचा पंजा खाली बोटं करून धरा. अंगठा मुंबई नाही, उलट सगळा पंजा मुंबई. त्याच्या उजवीकडे, म्हणजे पूर्वेला, पाणी आणि पाण्यापलीकडे उरण-न्हावा-पनवेलची जमीन. पावसाळ्यात खवळलेला समुद्र नैऋत्येकडून येतो, तो मुंबईच्या पश्चिम अंगावर आपटतो. मागच्या पाण्यात त्या लाटा पोचतच नाहीत. तोंड दक्षिणेला, आत खोल पाणी, वरून ठाण्याची खाडी. माणसाने बांध न घालता जहाजाला निवारा मिळाला, म्हणून नैसर्गिक बंदर. मरीन ड्राइव्ह म्हणजे बंदर नव्हे, तो उघडा समुद्र. बंदर त्याच्या पाठीमागे, पूर्वेला आहे. म्हणून मुंबईत सूर्य बंदरातून उगवतो आणि समुद्रात मावळतो. दोन्ही एका दिवसात पायी बघता येतं. गेटवे ते मरीन ड्राइव्ह हे अंतर तुमच्या बर्डीहून धंतोलीला जाण्याइतकं असेल नसेल.

मग लोकांनी बंदर पाहिलेलं का नाही? कारण मध्ये भिंत आहे. पी. डिमेलो रस्त्याने गेलात तर मैलोगणिक भिंत, फाटक, पहारेकरी. आत परवानगीशिवाय सोडत नाहीत आणि ते बरोबरच आहे. त्या भिंतीतली उघडी खिडकी म्हणजे गेटवे. पण अजून दोन-तीन फटी आहेत, त्या मी सांगतो.

पहिली फट : हार्बर लाइनने सीएसएमटीहून डॉकयार्ड रोड, चौथं स्टेशनही नाही. उतरलात की शेजारीच टेकडी, वर जोसेफ बाप्टिस्टा उद्यान. हे काका बाप्टिस्टा टिळकांचे सहकारी, १९२५ साली मुंबईचे महापौर. बागेत पर्यटक नसतात, पोरं अभ्यास करत बसलेली असतात. कठड्याशी उभं राहिलं की खाली माझगावची गोदी, क्रेन, बांधणीतली जहाजं आणि पलीकडे पाणी. नैसर्गिक बंदर बघायचं तर इथून बघा.

दुसरी : ससून डॉक, कुलाबा. १८७५ सालचा. पहाटे पाच-साडेपाचला जायचं, चप्पल जुनी घालायची. मासळीचा लिलाव, कोळणींचा आवाज, बर्फ फोडण्याचा आवाज. विचारल्याशिवाय मोबाइल वर करू नका, लोक कामात असतात. वास येतो. येणारच.

तिसरी : भाऊचा धक्का. तिथून अलिबागजवळच्या मांडव्याला रो-रो बोट जाते, तासाभराचा प्रवास. मोटारी पोटात घेऊन जाणारी मोठी बोट आहे, फारशी हलत नाही. पाण्याला भिणाऱ्या माणसाला आधी हिच्यात बसवा, मग घारापुरीच्या लाँचमध्ये.

तर्री_मारके | १९ नोव्हेंबर, सकाळी ९:१५

काका, दंडवत. मी तीन वर्षं मुंबईत नोकरी केली, बाप्टिस्टा उद्यानाचं नावही ऐकलं नव्हतं.

ताई, ब्रिटानियात बेरी पुलाव खा, बॅलार्ड इस्टेटला. पण ते फक्त दुपारी उघडं असतं आणि रविवारी बंद. मासे खायचे तर फोर्टात मालवणी-मंगळूरी खाणावळी पावलोपावली. सावजी खाल्लेल्या जिभेला पहिला घास गोड वाटेल, दुसऱ्या घासाला सोलकढी घ्या, मग बोला.

खारावारा | १९ नोव्हेंबर, सकाळी ९:४८

बॅलार्ड इस्टेटचं नाव निघालं म्हणून. ती जमीनच गोदीतून निघालेली आहे. अलेक्झांड्रा डॉक खणला, आता त्याला इंदिरा डॉक म्हणतात, त्याची माती टाकून हा भाग भरला. त्या इमारतींचा आराखडा जॉर्ज विटेटचा. गेटवेही त्याचाच आणि वस्तुसंग्रहालयही. रविवारी तिथे चिटपाखरू नसतं, दोघांनी हातात हात घालून फिरायला त्याहून चांगली जागा दक्षिण मुंबईत नाही. बेरी पुलाव मिळणार नाही एवढंच.

संत्राबर्फी | १९ नोव्हेंबर, दुपारी २:२०

काका, डाव्या हाताचा पंजा धरून शाळेच्या स्टाफरूममध्ये बसले होते, सगळ्या विचारायला लागल्या काय झालं म्हणून. कळलं हो. बेचाळीस वर्षांनी कळलं.

हातात हात वगैरे यांना विचारावं लागेल.

फुटाळ्याची_हवा | १९ नोव्हेंबर, दुपारी ४:०५

मुंबई-नागपूर असं वेगळं कशाला बघता? ज्या जमशेटजी टाटांनी नागपुरात १ जानेवारी १८७७ ला एम्प्रेस मिल सुरू केली, त्यांनीच १९०३ मध्ये गेटवेसमोरचं ताज उघडलं. तेव्हा गेटवे नव्हताच, तो १९२४ चा. आधी ताज, मग त्याच्या पुढ्यात दरवाजा. आपल्या वऱ्हाडचा कापूस रेल्वेने मुंबईला जायचा आणि बोटीत चढायचा. हार्बर लाइनवर कॉटन ग्रीन नावाचं स्टेशन उगाच नाही. तेव्हा ताई, ताजमध्ये चहा प्यायला संकोच करू नका. थोडा आपलाही हिस्सा आहे त्यात.

बर्डीवाला | १९ नोव्हेंबर, दुपारी ४:३०

हे बिल देताना सांगून पाहा म्हणा. एम्प्रेस मिलच्या जागी मॉल झाला, तिथं पार्किंगचेही पैसे घेऊन राहिले.

साधा_प्रवासी | १९ नोव्हेंबर, संध्या. ७:१०

आयएनएस विक्रांत या जुन्या युद्धनौकेवरचं संग्रहालय चुकवू नका. आम्ही पाहिलं होतं, मुलं फार खूश झाली.

खारावारा | १९ नोव्हेंबर, संध्या. ७:५५

ते आता नाही हो. २०१२ पासूनच बंद होतं आणि २०१४ मध्ये दारूखान्याला नेऊन तोडलं. मी पाहिलं ते तोडताना. असो.

कर्जत_लोकल | १९ नोव्हेंबर, रात्री ९:००

ताई, मुख्य गोष्ट राहिलीच. तुमचा तिसरा दिवस सोमवार आहे आणि घारापुरीची लेणी सोमवारी बंद असतात! त्यात २४ ते २६ लागून सुट्टी. अख्खा महाराष्ट्र गेटवेवर असेल. रांग ताजच्या दारापर्यंत आणि प्रजासत्ताक दिनाचा बंदोबस्त वेगळा. मी तुमच्या जागी असतो तर वाढदिवस घरी श्रीखंडपुरी खाऊन साजरा केला असता आणि मंगळवारी २७ ला निघालो असतो. बुध, गुरु, शुक्र मुंबईत. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, म्हणजे २७ च्या गाडीचं २८ नोव्हेंबरला सकाळी आठ वाजता.

संत्राबर्फी | १९ नोव्हेंबर, रात्री ९:२५

अगं बाई! सोमवार कुणाच्या लक्षातच आला नव्हता. तीन रजा टाकते. पंचवीस वर्षांत नवऱ्यासाठी रजा टाकलेली नाही, सगळ्या मुलांच्या परीक्षांना गेल्या.

आता राहायचं कुठं ते सांगा. एकीने दादर सांगितलं, मराठी वस्ती, खायची सोय.

गिरगाव_ते_विरार | १९ नोव्हेंबर, रात्री १०:१५

दादर जेवायला उत्तम, राहायला नको. रोज सकाळ-संध्याकाळ गर्दीच्या लोंढ्यात उलटसुलट कराल आणि पुन्हा तीच मुंबई पाहाल जी वीसदा पाहिली. फोर्ट किंवा कुलाबा. बंदर, संग्रहालयं, सीएसएमटी सगळं पायाखाली. खोल्या लहान असतात, हे धरून चला. आणि "खिडकी आहे का" असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. "खिडकीतून काय दिसतं" असं विचारा.

गाडी आठला पोचेल, खोली दुपारी मिळेल. सीएसएमटीला क्लोकरूम आहे. बॅगेला कुलूप आणि ओळखपत्र लागतं. बॅगा टाका आणि आधी स्टेशनच बघा, बाहेरून, रस्ता ओलांडून. फाटकाच्या खांबांवर एकीकडे सिंह, एकीकडे वाघ. वीसदा त्याखालून गेला असाल.

दादरला सिद्धिविनायक करायचाच असेल तर भुयारी मेट्रो ३. ऑक्टोबरपासून पार कफ परेडपर्यंत सुरू झाली, हुतात्मा चौकात चढा, सिद्धिविनायकलाच स्टेशन आहे. आणि सीएसएमटीहून नरिमन पॉइंटच्या एनसीपीए नाट्यगृहाकडे जाणारी ११५ नंबरची दुमजली बस, वरच्या मजल्यावर पुढची सीट. ती सीट मिळेपर्यंत एक बस सोडा.

मनातलं_मनात | २० नोव्हेंबर, सकाळी ८:३०

लग्नाच्या पंचविशीला जाताय म्हणून. घारापुरीला सगळे त्रिमूर्तीसमोर गर्दी करतात, बरोबरच आहे, वीस फूट उंच मूर्ती आहे, पाय हलत नाही तिच्यासमोरून. पण त्याच मुख्य लेण्यात शंकर-पार्वतीच्या लग्नाचं शिल्प आहे. बरंच फुटलंय. तरी पार्वतीची मान खाली झुकलेली कळते. ते शोधा.

भायखळ्याला भाऊ दाजी लाड संग्रहालयाबाहेर दगडी हत्ती आहे. तो मूळ घारापुरीचाच, त्यालाच बघून पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा म्हटलं. बेट आणि हत्ती दोन्ही बघितले की बेरीज पूर्ण होते. संग्रहालय बुधवारी बंद असतं.

बर्डीवाला | २० नोव्हेंबर, सकाळी १०:००

मावशीचं काय ठरलं? मी त्याच्याचसाठी धागा वाचून राहिलो.

तर्री_मारके | २० नोव्हेंबर, सकाळी १०:२०

सांगू नका. सांगितलं की "हॉटेलात राहणार? मी मेले का?" आणि तिसऱ्या दिवशी तुम्ही डोंबिवलीत पुरणपोळी लाटत असाल.

गिरगाव_ते_विरार | २० नोव्हेंबर, सकाळी १०:४५

सांगा. मुंबईत कुठलीही गोष्ट लपत नाही. तुम्ही बोटीत बसाल आणि शेजारच्या बाकावर मावशीची शेजारीण असेल.

कर्जत_लोकल | २० नोव्हेंबर, सकाळी ११:३०

मधला मार्ग : परत आल्यावर सांगा, "यांच्या ऑफिसचं काम होतं."

संत्राबर्फी | २० नोव्हेंबर, रात्री ९:४०

यांचं ऑफिस वर्धा रोडला आहे हो, मुंबईशी काही संबंध नाही. नाही सांगत. बघू काय होतं ते.

बोटीचं मात्र अवघड झालंय. यांनी गेल्या वर्षीची डिसेंबरमधल्या अपघाताची बातमी काढून दाखवली, गेटवेहून घारापुरीला निघालेली बोट.

खारावारा | २१ नोव्हेंबर, सकाळी ६:३०

१८ डिसेंबर २०२४. त्या बातमीवर मी हसणार नाही. माणसं गेली त्यात. तेव्हापासून लाइफ जॅकेटची सक्ती आहे. जॅकेट घ्या, पट्टे बांधा, नुसतं मांडीवर ठेवू नका. बोटीत जास्त माणसं भरलेली दिसली तर सरळ उतरा, पुढची अर्ध्या तासात येते. सकाळी नऊची पहिली-दुसरी बोट पकडा, वारा कमी असतो. खालच्या मजल्यावर मधोमध बसा, तिथे हेलकावा कमी जाणवतो. आणि यजमानांना सांगा, भीती वाटणारा माणूस बोटीत बसलेला मला नेहमी आवडायचा. तो नियम पाळतो.

जानेवारीत नागपूरची थंडी बॅगेत घालून आणू नका, स्वेटर वाया जातील. बोटीवर वारा लागतो, एक शाल पुरे.

संत्राबर्फी | २८ नोव्हेंबर, सकाळी ८:०९

मिळालं! लोअर-अप्पर. परतीचं ३१ तारखेचं काढायचंय, तारीख दोनदा तपासली.

संत्राबर्फी | २ फेब्रुवारी, रात्री १०:२०

आलो. सांगायचं म्हटलं तर खूप आहे, पण उद्या शाळा आहे, आठवेल तसं लिहिते.

खोलीला खिडकी होती. उघडली की हातभर अंतरावर दुसऱ्या इमारतीची भिंत आणि तिच्यावर एक पिंपळ. मी "काय दिसतं" हे विचारायला विसरले होते. पण खोलीत होतो कधी?

बुधवारी सीएसएमटीचा सिंह-वाघ बघितला. हे तिथे दहा मिनिटं उभे होते. म्हणाले, बाबांना घेऊन आलो होतो तेव्हा इथूनच टॅक्सी केली होती, वर पाहिलंच नाही. मग बरंच अंतर काही बोलले नाहीत. दुपारी बेरी पुलाव, नंतर डॉकयार्ड रोड. बाप्टिस्टा उद्यानात खरंच पोरं अभ्यास करत होती. कठड्याशी मी पंजा धरून यांना सगळं समजावलं. मागून एक कॉलेजातला मुलगा म्हणाला, "काकू, हात उलटा पकडलाय." खारावाराकाका, हा मुलगा बरोबर की तुम्ही, ते एकदा सांगा.

गुरुवारी घारापुरी. काकांच्या सल्ल्याप्रमाणे आधी रो-रो करायची होती, पण यांनीच ठरवलं, "जे अवघड ते आधी." जॅकेटचे सगळे पट्टे बांधून, खालच्या मजल्यावर मधोमध, माझा हात असा धरला की बांगडी रुतली. (मनातलं_मनात यांना : हो, लग्नाचं शिल्प शोधलं.) अर्ध्या वाटेत नांगरलेली जहाजं लागली आणि गडी मोजायला लागला. येताना वरच्या मजल्यावर बसले. सीगल बोटीबरोबर उडत होते, लोक वेफर्स फेकत होते, यांनी एकाला "पक्ष्याला कशाला मीठ खाऊ घालता" म्हणून झापलंसुद्धा. बेटावर माकडाने माझी काकडी नेली. बेटावर कायमची वीज २०१८ मध्ये पोचली म्हणे, समुद्राखालच्या केबलने. चहाच्या टपरीवरच्या बाई सांगत होत्या, फ्रीज घेतला तेव्हा सगळी आळी बघायला आली.

ताजचा चहा प्यायलो. बिल सांगणार नाही. वेटरला एम्प्रेस मिलचं सांगितलं नाही, पण यांनी मला हळूच म्हटलं, "आपला हिस्सा वळता केला असता तर बरं झालं असतं."

ससून डॉकला शुक्रवारी पहाटे मी एकटी गेले. वास, आवाज, पायाखाली चिखल, कोलंबीचे ढीग, आणि एवढ्या सगळ्या बायका एवढ्या वेगाने काम करताना मी कुठं पाहिल्या नाहीत. एकीने विचारलं, कुठनं आलीस? नागपूर म्हटल्यावर म्हणाली, "तिकडं मासे असतात काय?" म्हटलं तलावाचे असतात. तिच्या चेहऱ्यावर जी दया आली!

मग मांडवा. संध्याकाळच्या बोटीने परत येताना एकीकडे मुंबईमागे सूर्य बुडत होता आणि दुसरीकडे उरणच्या डोंगरावर पौर्णिमेच्या दोन दिवस आधीचा चंद्र आला होता. मधल्या पाण्यात जहाजांचे दिवे लागत होते. हे कठड्याला टेकून उभे होते, जॅकेट केव्हाच काढलेलं. हातात हात वगैरे काही नाही. वेफर्सची पुडी धरली होती दोघांत.

बर्डीवाला | २ फेब्रुवारी, रात्री १०:४१

मावशी?

खारावारा | ३ फेब्रुवारी, सकाळी ६:३५

मुलगा बरोबर आहे. उजवा हात हवा होता. चौतीस वर्षं नोकरी आणि हात उलटा सांगितला. त्याला माझा नमस्कार.

संत्राबर्फी | ३ फेब्रुवारी, रात्री ९:१५

मावशी. लेकीने आमचा बोटीतला फोटो स्टेटसला टाकला. शनिवारी गाडी अजून बडनेऱ्याला होती तेव्हा फोन आला. मी मनाशी वाक्यं जुळवत होते, ऑफिस, काम, वेळच नाही. मावशी म्हणाल्या, "बावन्न वर्षं झाली मला डोंबिवलीत. घारापुरी कुणी दाखवली नाही. तुम्ही दोघं मला न घेता गेलात?"

आता प्रश्न असा. वय ७८, गुडघे दुखतात, उत्साह आमच्यापेक्षा जास्त. त्या पायऱ्या शंभराच्या वर आहेत. डोली मिळते का?

खारावारा | ४ फेब्रुवारी, सकाळी ६:२०

मिळते. धक्क्यापासून पायऱ्यांपर्यंत छोटी गाडीही आहे. मेच्या आत या, पावसाळ्यात बोटींचा भरवसा नाही. तारीख ठरली की इथेच लिहा, मीही येतो. आणि सोमवार सोडून.